आवडे, फावे, नवरी

पुण्यात येऊन मला ३० वर्षं होत आली. तरी सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं की प्रश्न ठरलेला : "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हणते, बडोद्याची. मग समोरच्या चेहऱ्यावर एक छोटा हिशेब होतो आणि उत्तर येतं, "अच्छा, गुजराती! पण मराठी छान बोलता हो." बडोद्यात आमचं घर दांडिया बाजारात. तिथं शाळेपासून कॉलेजपर्यंत जे ऐकलं ते याच्या नेमकं उलट : "तमे तो मराठी! पण गुजराती सरस बोलो छो." कौतुक दोन्हीकडे, आणि दोन्हीकडे मी पाहुणी.

या पाहुणेपणाशी जमवून घ्यायला बरीच वर्षं गेली. त्यात जे कळलं ते आठवेल तसं लिहिते आहे. क्रमांक घातलेत ते नुसते सोयीसाठी.

१. मूळ गावात आपल्याला कुणी ओळखत नाही

पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून बडोद्याला आले आणि कचेरीत कारकून म्हणून चिकटले. त्या खेड्याचं नाव आमच्या घरात देवाच्या नावासारखं घेत. आंबा गोड निघाला नाही तर आजी म्हणायची, "आपल्या गावचा असता तर." ती स्वतः तिथं एकदाच गेली होती, नवी सून म्हणून, पाया पडायला.

मी अकरा वर्षांची असताना बाबांनी आम्हा सगळ्यांना तिथं नेलं. रात्रभर रेल्वे, मग दोन एस्ट्या, मग चालत. देवळात कुळाचार झाला. ज्यांच्याकडे उतरलो ते भाऊबंद होते, पण किती पिढ्यांमागचे ते त्यांनाही बोटांवर मोजावं लागलं. ओसरीवरून त्यांनी आत हाक दिली, "अहो, गुजरातेतली मंडळी आलीत, चहा टाका. साखर जास्त घाला." सगळे हसले, बाबाही हसले. परतीच्या एस्टीत मात्र ते खिडकीबाहेर बघत बसले, आणि त्यानंतर "आपलं गाव" हे शब्द त्यांच्या तोंडून फारसे आले नाहीत.

मला त्या वयात वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं झालं, कारण त्या गावी मला कधी करमेल असं मला वाटतच नव्हतं. पुढे कळलं की मूळ एकीकडे आणि घर दुसरीकडे, हा प्रकार आमच्या शहरात पार वरपर्यंत होता. खुद्द सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, जन्मनाव गोपाळ. १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांना मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा नव्याने लिहायला-वाचायला शिकवल्या गेल्या. ज्या दिवाणांनी सुरुवातीला राज्य सांभाळलं ते सर टी. माधवराव जन्मले कुंभकोणमला, तंजावरकडच्या मराठी घराण्यात. म्हणजे तमिळ मुलखातला मराठी माणूस गुजरातेत येऊन खानदेशाजवळच्या मराठी मुलाचं राज्य चालवत होता. अशा शहरात 'मूळचे कुठले' याचं एका शब्दात उत्तर मागणं जरा जास्तच आहे.

२. आवडे म्हणजे आवडतं नव्हे

मोठ्या ताईला मराठी शाळेत घातलं. माझ्या वेळेपर्यंत तिथल्या वर्गांत मुलं कमी होऊ लागली होती, म्हणून मला गुजराती माध्यमात. सहा वर्षांची असेन. नव्या मैत्रिणीच्या घरी गेले तर तिच्या आईने विचारलं, "तने रोटली आवडे?" आता पोळी कुणाला आवडत नाही? मी जोरात मान हलवली आणि वर "खूप!" म्हटलं. मावशींनी कौतुकाने माझ्यासमोर आडणी-वेलण, म्हणजे पोळपाट-लाटणं, ठेवलं.

गुजरातीत 'आवडे' म्हणजे येतं, करता येतं. आवडण्यासाठी तिथं निराळे शब्द आहेत : खायची वस्तू असेल तर 'भावे', बाकी सगळ्याला 'गमे'. मी लाटलेली ती पोळी कुठल्या देशाचा नकाशा होती हे मैत्रीण अजून सांगते.

पण गंमत बाजूला ठेवली तर या एका शब्दाने मला पुढे फार छळलं. "तुला मराठी येतं का?" आणि "तुला मराठी आवडतं का?" हे दोन प्रश्न माझ्या डोक्यात कायमचे चिकटून बसले. जे नीट येत नाही ते आपल्याला आवडतच नसणार, असं मला वाटायचं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की आईवर माझं प्रेम कमी आहे की काय, इथपर्यंत मजल जायची. गुजराती व्याकरणात पैकीच्या पैकी मिळाले की त्याचीही टोचणी. येणं आणि आवडणं यांची दोन खाती वेगळी करायला मला चाळिशी गाठावी लागली.

३. बाईंना बाई म्हणू नये

हे अगदी थोडक्यात. शाळेच्या पहिल्या दिवशी मी शिक्षिकेला "बाई" म्हटलं, कारण ताई तिच्या शाळेत तेच म्हणायची. वर्ग खो खो हसला. तिथं शिक्षिका म्हणजे 'बेन', आणि 'बाई' म्हणजे घरी कामाला येते ती. बेन रागावल्या नाहीत, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. नंतर पुण्यात मुलाच्या शाळेत मी बाईंना चुकून "बेन" म्हटलं. त्या वेळी हसायला वर्ग नव्हता, एवढंच.

४. दोन पंचांगं असली की एक सण उधारीवर राहत नाही

आमच्याकडे वर्षाला दोन नवी वर्षं असत. चैत्रात गुढी. गॅलरीतून ती बाहेर काढली की खालून पोरं ओरडायची, "लोटो ऊंधो केम?" तांब्या उलटा का, याचं उत्तर मला माहीत नव्हतं. आईने सांगून ठेवलं होतं, "त्यांना म्हण, आमच्यात असंच असतं." हे उत्तर मी पुढे पुष्कळ ठिकाणी वापरलं.

दुसरं नवं वर्ष दिवाळीतल्या पाडव्याला, म्हणजे गुजरात्यांचं बेसतुं वरस. उजाडायच्या आत गल्लीत आरोळी यायची, "सबरस!" सबरस म्हणजे मीठ. वर्षाची पहिली खरेदी मिठाची करायची. आई मीठ घ्यायची, आणि त्याच सकाळी बाबांना ओवाळायची. मग दिवसभर शेजारच्या घरांत "साल मुबारक" करत फिरायचं, ताटलीत घुघरे आणि मठिया. आमच्या करंज्या आणि त्यांचे घुघरे यांत फरक काय, यावर शेजारच्या मासींचा आणि आईचा जो वाद सुरू झाला तो मासी गेल्या तेव्हाच संपला.

संक्रांतीची मजा त्याहून मोठी. गुजरातेत ती उत्तरायण, आणि एका दिवसात भागत नाही. १४ जानेवारी झाली की १५ला वासी उत्तरायण. पहाटेपासून सगळं शहर गच्चीवर. ऊंधियुं, जिलेबी, ऊस, बोरं, चिक्की, आणि कुणाचा पतंग कटला की सगळ्या गच्च्यांवरून एकच गर्जना : "काप्यो छे!" या गोंधळात आई काळी चंद्रकळा नेसून हळदीकुंकवाचं तबक घेऊन वर यायची. पहिल्या वर्षी मासी दचकल्या होत्या, "सपरमा दहाडे काळुं?" सणासुदीला काळं? आई म्हणाली, "आमच्यात असंच असतं." दोन वर्षांनी मासींनी स्वतःसाठी काळी साडी आणली, आणि आम्हाला "तिळगुळ घ्या, गोड गोड बोला" म्हणताना 'ळ' असा काही ठासून म्हटला की आईचा 'ळ' फिका पडला.

आणि १ मे. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणतात, महाराष्ट्र दिन. हो, पण तोच गुजरातचाही स्थापना दिवस. १९५६ साली केलेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचे १९६० मध्ये १ मेला दोन तुकडे झाले. त्याच्याही आधी १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेही १ मेलाच. बाबा त्या दिवशी सकाळी श्रीखंड आणायचे. "कशाचं?" विचारलं तर म्हणायचे, "वाटणी झाली त्याचं. आपण हद्दीवर नाही, आपण बांधावर आहोत. बांधावर गवत चांगलं येतं." बाबा विनोदी नव्हते, त्यामुळे हे त्यांनी गंभीरपणे म्हटलं असणार.

५. आपण इथं कशा वाटेने आलो, हेही विचारावं

हा भाग मला लिहायला जड जातो, म्हणून सावकाश लिहिते.

मी स्वतःला बरीच वर्षं बिचारी समजत होते : दोन्हीकडची, कुठलीच नाही. पण बडोद्यातले मराठी काही निर्वासित म्हणून आले नव्हते. गायकवाड चौथाई वसूल करत आले, १७३४ मध्ये बडोदं कायमचं त्यांच्या हाती आलं, आणि त्यांच्यामागून आमच्यासारखे कारकून, शास्त्री, वैद्य आले. जुने गुजराती लोक आम्हाला 'दक्षिणी' म्हणत. त्या शब्दात थोडा आदर होता आणि थोडी सरकारची भीती होती. आजी महाराजांना "आपले सरकार" म्हणायची. शेजारच्या मासींनी सरकार आपले की कुणाचे, हे कधी बोलून दाखवलं नाही.

आमचं बालपण कमाटीबागेत गेलं. तिथं छोटी रेल्वे होती, आणि संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा, त्याच्याखाली उभं राहून आम्ही त्याच्या फासळ्या मोजायचो. त्या बागेत सप्टेंबर १९१७ मध्ये काय झालं होतं, हे मला तिथं कुणी सांगितलं नाही. ते मी पुण्यात, पस्तिशीनंतर, डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये वाचलं. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले होते. करारानुसार नोकरी करायला परत आले, तर शहरात राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. दोन मित्रांनीही आसरा देणं टाळलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते त्या बागेत बसून राहिले.

मी पुस्तक मिटलं आणि पणजोबांचा विचार केला. ते साताऱ्याकडून आले. आंबेडकरांच्याही बालपणाचा काही काळ साताऱ्यातच गेला. दोघेही मराठी बोलणारे, दोघेही त्याच महाराजांच्या चाकरीत. पणजोबांना आल्या दिवशी दांडिया बाजारात ओसरी मिळाली, नंतर वाडा मिळाला.

मग आमच्या परसातला कोनाडा आठवला. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कान तुटलेला कप तिथं वेगळा ठेवलेला असे. त्या बाई मराठीच बोलायच्या, आजीच्याच गावाकडचं मराठी. आजीला त्या आपलं माणूस वाटल्या नाहीत. गुजराती मासी मात्र आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाट ओढून बसत. दोन संस्कृतींच्या मधली भिंत म्हणून मी जिच्यावर जन्मभर डोकं आपटत होते, ती तशी फारशी उंच नव्हती. खरी भिंत परसात होती, आणि तिच्या कुठल्या बाजूला मी उभी होते हे मला माहीत होतं.

६. शुद्ध होण्याच्या नादात आईला परकं करू नये

लग्न होऊन पुण्याला आले. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "संध्याकाळी मंडईत येशील का?" मी म्हटलं, "हो, मला फावेल." गुजरातीत 'फावशे' म्हणजे सोयीचं होईल, चालेल. सासूबाई गोंधळल्या : "कुणाचं फावेल?" मराठीत एखाद्याचं फावलं की त्याने गैरफायदाच घेतलेला असतो. तसंच "छापं आलं का?" म्हटलं तर कुणाला कळेना मी वर्तमानपत्राबद्दल विचारते आहे. "दादरावर जाऊ नको, ओला आहे," म्हटल्यावर नणंदेने मला सांगितलं की दादर मुंबईत आहे, इथं जिना असतो. कडक उन्हाला मी 'तडका' म्हणायचे. स्वयंपाकघरातल्या हशाचं वेगळं सांगायला नको.

कुणी वाईट वागलं नाही. पण मी मनाशी यादीच केली. फावे, छापं, दादर, तडका, खिडकीसाठीचं बारी, एकेक शब्द वेचून बाहेर काढला. वर्षभरात माझं मराठी पाठ्यपुस्तकासारखं झालं. एका रविवारी आईशी फोनवर बोलत होते, तर ती म्हणाली, "तू रेडिओसारखी काय बोलतेस गं? जमलीस का?" 'जमलीस' म्हणजे जेवलीस. मी तिला म्हटलं, "आई, जेवलीस म्हणावं." पलीकडे शांतता पसरली. मग ती म्हणाली, "हो. जेवलीस का?" आणि बाकीचं संभाषण तिने इतकं जपून केलं की फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

ती आता नाही. तिचं मराठी जगात कुठेच बोललं जात नाही, फक्त दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या भागांतल्या काही घरांत तेवढं उरलं आहे. आणि मी ते दुरुस्त करत होते.

७. सवाई होण्याची सक्ती नाही

बाबांचा आदर्श काकासाहेब कालेलकर. जन्म साताऱ्याचा, मातृभाषा मराठी, बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवलेलं, आणि पुढे गुजरातीत असं लिहिलं की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं. १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजराती पुस्तकासाठी मिळाला. बाबा हे सगळं घडिया म्हटल्यासारखं म्हणायचे. (घडिया म्हणजे पाढे. मी पाढे गुजरातीत शिकले. आजही भाजीवाल्याचा हिशेब डोक्यात 'ओगणीस', 'पिस्तालीस' असाच होतो, आणि पैसे मात्र 'पंचेचाळीस' म्हणून देते.)

काकासाहेबांबद्दल मला आदर आहे. पण सवाई म्हणजे सव्वापट. गुजराती मुलीला शंभर टक्के गुजराती असलं की पुरतं. मला सव्वाशे लागत. पुण्यात तेच उलट : एखादा शब्द चुकला तर पुणेकरणीची ती बोलण्याची लकब ठरते, आणि माझा चुकला तर "गुजरातेतल्या ना!" मधल्या माणसाकडून दोन्हीकडे सव्वापट मागतात, आणि त्याची इतकी सवय होते की कुणी मागितलं नाही तरी आपण देत राहतो. बोर्डाच्या परीक्षेत गुजरातीत पहिली आले तेव्हा बेन सगळ्यांना सांगत होत्या, "मराठी छोकरी छे हं!" त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. आता वाटतं, नुसतं 'आपणी छोकरी' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

८. शहरालाही तीन नावं असतात

घरात बडोदं, इंग्रजीत बरोडा, आणि १९७४ पासून सरकारी कागदावर वडोदरा. शहर कुठल्याही हाकेला ओ देतं. तिथली शेव-उसळ खाताना पहिल्यांदा लक्षात आलं की उसळ आमची, वरची शेव त्यांची, आणि हा पदार्थ पुण्यात तसा मिळत नाही, अहमदाबादेतही तिथल्यासारखा नाही. तो बडोद्याचा. माझ्या दांडिया बाजारातच अरविंद घोष राहायचे. सातव्या वर्षी इंग्लंडला पाठवलेला हा बंगाली मुलगा १८९३ मध्ये इथं नोकरीला आला, आणि आपली बंगालीसुद्धा त्याला इथंच नीट शिकावी लागली, त्याबरोबर मराठी आणि गुजरातीही. त्यांचं ते घर आमच्या शाळेच्या वाटेवर होतं. आम्ही त्याच्या फाटकावर चढून पेरू पाडायचो, यापलीकडे त्या घराशी माझा संबंध नव्हता.

पुण्यात हल्ली कुणी मूळचं विचारलं की मी "बडोद्याची मराठी" असं सलग म्हणते, मध्ये न थांबता. कुणाला पुढे विचारायचं असेल तर चहा टाकते, कारण मग वेळ लागतो.

९. हे अजून पूर्ण कळलेलं नाही

धाकट्या भावाची बायको गुजराती. त्यांची मुलगी दहा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाते, आणि घरात जे बोलते त्याला शिक्षकाने कुठली भाषा म्हणावं हे मला कळत नाही. यंदा उत्तरायणला मी गेले होते. दुपारी मी ओट्याशी तिळगुळाच्या वड्या डब्यात भरत होते. ती धापा टाकत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, तू नवरी आहेस का?"

गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. नवरी म्हणजे तशीच रिकामी बाई. चौपन्नाव्या वर्षी हा प्रश्न ऐकून भावजय पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला दोन्ही अर्थ कळत होते. मुलीला बहुधा एकच, की दोन्ही, कोण जाणे. माझ्या जिभेवर आलं होतं, अगं, 'मोकळी आहेस का' म्हणावं.

मी डब्याचं झाकण लावलं. "आहे की," म्हटलं, आणि फिरकी धरायला तिच्यामागून दादर चढले.